गरोदर बाईचं सिगरेट सोडण्याचं रेफरल कॉम्प्युटरवरून कसं पाठवायचं : ड्रॉवरमधल्या फॉर्मपासून ते फोन लागेपर्यंत

आमच्या प्रसूतिपूर्व ओपीडीत टेबलाला एक ड्रॉवर होता आणि त्यात सिगरेट सोडवायच्या केंद्राकडे पाठवायचे फॉर्म जमा व्हायचे, कुणीतरी आठवड्यातून एकदा ते गोळा करून पाठवायचं असं ठरलेलं होतं. एकदा आवराआवर करताना मी तो ड्रॉवर रिकामा केला तर तळाशी इतके जुने फॉर्म निघाले की त्यातल्या काही बायकांची डिलिव्हरी होऊन गेली होती. त्या बायकांनी सिस्टरला विश्वासाने खरं सांगितलं होतं, मदत घ्यायला हो म्हटलं होतं, आणि त्यांना कुणाचा फोनच गेला नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, सगळे कामात बुडालेले होते, पण मला ते फार लागलं आणि तिथून आमचं ई-रेफरलचं काम सुरू झालं. आता ते नीट चालतंय, तर जे शिकलो ते सगळं इथे लिहितेय, तुमच्याकडे सुरू करायचं असेल तर कामाला येईल.

आधी घाई का ते सांगते, कारण आयटीवाल्यांना आणि साहेबांना हेच पटवावं लागतं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात, २००९ साली तो छापून आला, असं दिसलं की ज्या बायकांनी १५ आठवड्यांच्या आत सिगरेट सोडली त्यांच्यात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं आणि बाळाची वाढ कमी राहण्याचं प्रमाण जवळपास न ओढणाऱ्या बायकांइतकंच होतं. पहिली नोंदणी साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या आसपास होते, म्हणजे आपल्या हातात किती दिवस उरतात बघा, त्यातले दोन-तीन आठवडे कागद ड्रॉवरमध्ये पडून असेल तर ती मुदत आपणच खाल्ली. १५ आठवड्यांनंतर सोडूनही फायदा असतोच, कधीही सोडली तरी असतो, त्यामुळे उशिरा आलेल्या बाईला 'आता काय उपयोग' असं चुकूनही वाटू देऊ नका.

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी

दोन दिवस नुसतं ओपीडीत बसा आणि एका रेफरलच्या मागे शेवटपर्यंत जा. कोण विचारतं, कुठे लिहितं, तिथून कागद कुठे जातो, पलीकडे कोण उघडतं, फोन कधी जातो. आम्हाला वाटत होतं तीन पायऱ्या आहेत, निघाल्या नऊ, आणि त्यातल्या दोन पायऱ्या एकाच सिस्टरवर अवलंबून होत्या, ती रजेवर गेली की सगळं बंद. मग मागच्या तीन महिन्यांचे आकडे काढा, किती गरोदर बायका आल्या, कितींना तंबाखूबद्दल विचारल्याची नोंद आहे, किती ओढतात, कितींना रेफर केलं, केंद्राचा फोन कितींना लागला आणि कितींनी सोडायची तारीख ठरवली. हे सहा आकडे आधी नसतील तर सहा महिन्यांनी कुणी विचारलं की फरक काय पडला तर तुमच्याकडे सांगायला काहीच नसेल.

केंद्राशी, म्हणजे क्विटलाइन (फोनवरून सिगरेट सोडायला मदत करणारी सेवा) असो की समुपदेशक असो, पहिल्याच आठवड्यात बोला. ही चूक आम्ही केली, आम्ही इकडे सगळं तयार करून बटण चालू केलं आणि तिकडे गरोदर बायकांशी बोलायला एकच काउन्सेलर, पहिल्या महिन्यातच रांग लागली. ई-रेफरल आलं की आकडा वाढतोच, इंग्लंडच्या ईशान्य भागात बेबीक्लिअर नावाची योजना आणली, तिथे प्रत्येक गरोदर बाईच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सिगरेटच्या धुरातला विषारी वायू, किती आहे त्याची तपासणी आणि आपोआप रेफरल असं ठेवलं तर रेफरल जवळजवळ अडीचपट झाले आणि सोडणाऱ्याही वाढल्या. म्हणजे पलीकडे किमान दुप्पट बायकांना फोन करायची तयारी आहे का हे आधी विचारा, नसेल तर एकाच ओपीडीपासून सुरू करा.

प्रश्न कसा विचारायचा

कितीही भारी सिस्टीम आणा, बाईने खरं सांगितलंच नाही तर रेफरल जाणार कुठून. 'सिगरेट ओढता का, हो की नाही' असं विचारलं की बऱ्याच जणी नाही म्हणतात आणि मला त्यांचा राग येत नाही, गरोदर बाईने सिगरेट ओढली म्हटलं की जग तिच्याकडे कसं बघतं ते आपल्याला माहितीये. ग्लासगोच्या आसपासच्या भागात एका अभ्यासात रक्तातला कोटिनिन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासला तर खऱ्या ओढणाऱ्यांची संख्या बायकांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा साधारण पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणून स्क्रीनवर हो-नाहीची खूण ठेवू नका, पर्याय ठेवा. कधीच ओढली नाही, दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच सोडली, कळल्यावर सोडली, कमी केली पण अजून ओढते, आणि आधीइतकीच ओढते. 'कमी केली' हा पर्याय फार महत्त्वाचा आहे, कारण त्यात बाईला आपण काहीतरी प्रयत्न केलाय हे सांगायला जागा मिळते आणि ती मोकळी होते. 'कळल्यावर सोडली' म्हणणारीलाही मदत विचारा, ती पुन्हा सुरू करायच्या काठावर असते.

आणि हे एकटीला विचारा. नवरा किंवा घरचं दुसरं कुणी शेजारी बसलेलं असेल तर वजन-बीपी घ्यायच्या निमित्ताने आत घ्या आणि तेव्हा विचारा.

कार्बन मोनॉक्साइडचं फुंकायचं मशीन मिळत असेल तर जरूर घ्या. श्वास घेऊन साधारण १५ सेकंद रोखायचा आणि हळू हळू पूर्ण सोडायचा, आकडा लगेच येतो. इंग्लंडच्या नाईस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर बाईचा आकडा ४ पीपीएम (दहा लाख भागांत चार) किंवा वर आला की रेफर करायचं. हे मशीन चोर पकडायला नाहीये हे सगळ्या स्टाफच्या डोक्यात पक्कं बसवा. 'सगळ्यांचीच करतो, बीपी घेतो तशी' असं म्हणायचं आणि खरंच सगळ्यांची करायची. आकडा जास्त आला पण बाई ओढतच नाही म्हणते, तर तिच्यावर अविश्वास दाखवू नका, घरात दुसरं कुणी ओढत असेल, किंवा गॅसचा गीझर-शेगडी बिघडलेली असेल आणि ती तर जिवावरची गोष्ट आहे, ती आधी तपासायला सांगा. उलटंही होतं, हा वायू काही तासांत अंगातून निम्मा होतो त्यामुळे सकाळपासून न ओढलेल्या बाईचा आकडा कमी येतो. आणि चघळायची तंबाखू किंवा ई-सिगरेट यांचा या मशीनला पत्ताच लागत नाही, त्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा, फॉर्ममध्येही कुठल्या प्रकारची तंबाखू ते लिहायला जागा ठेवा.

आपोआप जाणारं रेफरल

मला विचाराल तर सगळ्या बदलात सगळ्यात मोठा बदल हा. पूर्वी आम्ही विचारायचो, 'तुम्हाला मदत हवी का?' बाई म्हणायची, बघते, घरी विचारते, आणि संपलं. आता सिस्टर म्हणते, 'जी कुणी ओढते तिला आम्ही आमच्या सोडवणाऱ्या टीमशी जोडून देतो, त्या उद्या-परवा तुम्हाला फोन करतील, कुठल्या वेळी केलेला बरा?' नको म्हणायची मुभा पूर्ण आहे, आणि ती नको म्हणाली तर तसं नोंदवायचं, पुढच्या भेटीला पुन्हा प्रेमाने विचारायचं. नॉटिंगहॅममध्ये असं आपोआप रेफरल सुरू केल्यावर सोडायची तारीख ठरवणाऱ्या गरोदर बायका साधारण दुप्पट झाल्या. नुसतं फोन नंबर हातात देणं आणि थेट जोडून देणं यात किती अंतर आहे त्याचा आणखी एक आकडा, तो गरोदर बायकांचा नाही, सगळ्याच पेशंटचा आहे, अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या दवाखान्यांत कॉम्प्युटरवरून थेट नाव-नंबर क्विटलाइनला पाठवला तर ओढणाऱ्यांपैकी ७.८ टक्के लोकांनी मदतीसाठी नाव नोंदवलं आणि कार्ड देऊन 'तुम्हीच फोन करा' म्हटलं तिथे ०.६ टक्के. २०१३ चा अभ्यास आहे हा. मी साहेबांसमोर हा एकच आकडा ठेवला आणि गप्प बसले, परवानगी मिळाली.

फॉर्म लहान ठेवा, जमेल तितका लहान. नाव, फोन, गरोदरपणाचे आठवडे, अपेक्षित तारीख, भाषा, हे सगळं रेकॉर्डमधून आपोआप भरलं गेलं पाहिजे, सिस्टरने पुन्हा टाइप करायला लागलं तर ते होणार नाही, ओपीडीत गर्दी असते आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. हाताने भरायच्या गोष्टी आमच्याकडे पाचच आहेत : मशीनचा आकडा, काय आणि साधारण किती ओढते, फोन करायची सोयीची वेळ, फोन नंबर खरंच तिचा स्वतःचा आहे का, आणि मेसेज पाठवला तर चालेल का. आमच्या कमिटीत प्रत्येकाला आपला एक प्रश्न घालायचा होता, एका टप्प्यावर फॉर्म २८ खान्यांचा झाला होता, मी बसून प्रत्येकाला विचारलं की हे उत्तर आलं नाही तर तुम्ही बाईला फोन करणार नाही का, आणि बाकीचे खाने गळले. जे काउन्सेलर पहिल्या फोनवर विचारू शकते ते ओपीडीत विचारू नका.

शेवटच्या दोन खान्यांबद्दल थोडं थांबून सांगते. काही घरांत बाई सिगरेट ओढते हे कुणालाच माहीत नसतं, आणि काही घरांत ते कळलं तर तिच्या अंगावर हात पडू शकतो. त्यामुळे मेसेजमध्ये 'सिगरेट', 'तंबाखू', 'व्यसन' यातला एकही शब्द येता कामा नये, नुसतं 'तुमच्या तपासणीनंतरच्या फोनसाठी' इतकंच. काउन्सेलरनेही दुसऱ्या कुणी फोन उचलला तर दवाखान्यातून एवढंच सांगायचं. हे आधी लिहून ठेवा, चालू झाल्यावर नको.

स्क्रीनवर फॉर्म कधी उघडायचा हेही ठरवा. तंबाखूच्या प्रश्नाचं उत्तर 'ओढते' आलं किंवा आकडा ४ किंवा वर आला की तिथल्या तिथे उघडावा, आधीच 'पाठवा' निवडलेलं असावं. पण प्रत्येक पानावर लाल चौकट फेकू नका, लोक न वाचता बंद करायला शिकतात आणि मग महत्त्वाच्या सूचनाही तशाच बंद होतात.

वायरींचं काम

हे आयटीवाले करतील, तुम्ही फक्त काही गोष्टींवर अडून बसा. दोन्हीकडच्या सिस्टीम एकमेकींशी बोलू शकत असतील तर एचएल सेव्हनच्या फायर या स्टँडर्डवर (दवाखान्यांच्या सिस्टीमनी एकमेकींना माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) करा, त्यात रेफरल पाठवायची आणि त्याची स्थिती परत कळवायची तयार रचना आहे, नंतर केंद्र बदललं तरी सगळं नव्याने करावं लागत नाही. बोलू शकत नसतील तर पासवर्ड असलेला सुरक्षित वेब फॉर्मही चालतो, अगदी सुरुवातीला आमचा तोच होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं टाकायची नाहीत, कितीही सोपं वाटलं तरी नाही.

रेफरल पोचलं की पोच आली पाहिजे, आणि ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर कुणाच्या तरी यादीत ते दिसलं पाहिजे. नाहीतर ड्रॉवर तोच राहतो, फक्त तो आता कॉम्प्युटरच्या आत असतो आणि दिसतही नाही. आमच्याकडे एकदा अपडेटनंतर चार दिवस एकही रेफरल गेलं नव्हतं आणि स्क्रीनवर मात्र हिरवी खूण येत होती. त्यानंतर रोज सकाळी काल किती पाठवले आणि तिकडे किती मिळाले हे दोन आकडे जुळवायचं काम एका माणसाकडे दिलंय, दोन मिनिटं लागतात. सिस्टीम बंद असतानाचा कागदी फॉर्म एक ठेवा, पण बाकी जुने कागद एक तारीख ठरवून उचलून टाका, दोन्ही चालू ठेवले की लोक सवयीच्या मार्गाने जातात.

आता एक गोष्ट, ही कुणाच्याच यादीत नव्हती. गर्भपात झाला, किंवा बाळ गेलं, तर ती नोंद त्याच क्षणी केंद्राकडे गेली पाहिजे आणि पुढचे सगळे मेसेज थांबले पाहिजेत. आमच्या एका बाईला गर्भपातानंतर दहा दिवसांनी मेसेज गेला, बाळासाठी तुम्ही चांगलं पाऊल उचलताय असा. ती पुढच्या भेटीला आली तेव्हा तिने मोबाईल माझ्यासमोर ठेवला, काही बोलली नाही. मी माफी मागितली पण ती माफी किती पुरणार. तुमच्या व्हेंडरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, टेस्टिंगमध्ये खोट्या पेशंटवर करून बघा, झाल्याशिवाय चालू करू नका. आणि त्या बाईला मदत नको असंही नाही, फक्त ती वेगळ्या शब्दांत, माणसाने फोन करून विचारायची असते.

पलीकडे काय घडलं पाहिजे

पहिला फोन पुढच्या कामाच्या दिवशी गेला पाहिजे, आमचा नियम तोच आहे. अनोळखी नंबर कुणी उचलत नाही, म्हणून कुठल्या नंबरवरून फोन येईल ते ओपीडीतच बाईच्या मोबाईलमध्ये साध्या नावाने सेव्ह करून द्या, या एवढ्याशा गोष्टीने आमचा फोन लागायचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं सुधारलं. तीन प्रयत्न, वेगवेगळ्या वेळी, एक तरी संध्याकाळी. लागलाच नाही तर 'लागला नाही' असं परत कळवायचं, फाइल बंद करायची नाही.

फोनवर नुसता उपदेश असेल तर काही उपयोग नाही. समुपदेशन आठवड्याला आणि गरज पडेल तसं हवं, आणि निकोटीनचे पॅच, गम वगैरे हवे असतील तर ते कसे आणि कुणाकडून मिळणार हे आधी ठरलेलं हवं, डॉक्टरची सही मिळायला पंधरा दिवस गेले तर बाई तोवर पुन्हा ओढायला लागलेली असते. पॅचबद्दल घरचेच नाही तर स्टाफही घाबरतो, म्हणून ट्रेनिंगमध्ये हे सांगाच की पॅचमधून निकोटीन मिळतं पण सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची हजारो रसायनं मिळत नाहीत, शिवाय गरोदरपणात शरीर निकोटीन लवकर संपवतं त्यामुळे डोस कमी पडून पॅच 'चालत नाही' असं वाटू शकतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. रात्री झोपताना पॅच काढायला सांगतात. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या सिगरेट सोडायच्या गोळ्या मात्र गरोदरपणात देत नाहीत, काउन्सेलरच्या स्क्रीनवर आठवडे दिसले पाहिजेत ते यासाठीही.

बक्षिसाचं बोलायचं तर पैसे असतील तर विचार करा. ग्लासगोत २०१५ साली छापून आलेल्या चाचणीत सोडणाऱ्या बायकांना खरेदीची व्हाउचर दिली, तिथे २२.५ टक्के बायकांनी गरोदरपणाच्या शेवटी सोडलेली होती आणि व्हाउचर न मिळालेल्यांत ८.६ टक्के. लोक नाकं मुरडतात की व्यसन सोडायला पैसे कशाला, पण मला त्या आकड्यांपुढे ते बोलणं टिकेल असं वाटत नाही.

परत येणारी माहिती

रेफरल पाठवलं म्हणजे काम झालं असं समजलात तर अर्धंच झालं. केंद्राकडून चार शब्द परत आले पाहिजेत : फोन लागला, तारीख ठरवली, चार आठवड्यांनी सोडलेली आहे, किंवा नको म्हणाली. आणि ते कुठल्यातरी रिपोर्टमध्ये नाही तर पुढच्या भेटीच्या वेळी सिस्टरच्या समोर, बीपीच्या शेजारी दिसले पाहिजेत. तेव्हा ती म्हणू शकते, 'सोडून तीन आठवडे झाले ना, त्रास होतोय का?' बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं, कुणीतरी लक्षात ठेवलंय हे तिला कळतं. फोन लागला नसेल तर तिथेच नंबर तपासून पुन्हा एका क्लिकवर पाठवायचं. चार आठवड्यांची नोंद जमेल तिथे मशीनवर फुंकून घ्या.

ट्रेनिंग आम्ही मोठ्या हॉलमध्ये एकदा केलं आणि ते वाया गेलं. नंतर दोन-दोन सिस्टरांना अर्धा तास, एक पेशंट आणि एक सिस्टर, खरंच फुंकायचं, खरंच वाक्य म्हणायचं, ते उपयोगी पडलं. स्टाफमधल्या कुणी ओढत असेल तर त्यांना बाजूला बोलून मदत विचारा, त्यांना या विषयावर बोलायला जड जातं. रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरच्या माणसालाही बोलवा कारण फोन नंबर चुकीचा तिथेच टाइप होतो.

बाईला कुणाकुणाला तिची माहिती दिसेल हे साध्या भाषेत सांगा आणि तुमच्याकडे जो कायदा लागू आहे त्याप्रमाणे संमती नोंदवा. ही माहिती तिच्याविरुद्ध वापरली जाईल अशी भीती बऱ्याच जणींना असते.

सुरुवात एका ओपीडीत चार आठवडे करा, दर शुक्रवारी पंधरा मिनिटं बसून अडकलेली रेफरल एकेक बघा, मग पुढची ओपीडी. जोडीदार ओढत असेल तर त्याच्या संमतीने त्याचंही रेफरल त्याच फॉर्ममधून जाईल अशी एक खूण ठेवा, घरात दुसरं कुणी ओढत असताना सोडणं फार कठीण जातं. आणि डिलिव्हरीची नोंद झाली की रेफरल आपोआप बंद होणारी सेटिंग व्हेंडरने दिली असेल तर ती काढायला लावा, कारण गरोदरपणात सोडलेल्या पुष्कळ जणी बाळ झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा सुरू करतात, आमच्याकडे आता डिलिव्हरीनंतर दोन आठवड्यांनी काउन्सेलरच्या यादीत त्यांचं नाव पुन्हा वर येतं.